पळसाच्या पानाखालची वाटी

मला धीर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. तव्यावरची भाकरी मी तीनदा उचलून बघते. एसटीची वाट बघत मी कधी बसलेली नाही, थांब्यावर नुसत्या येरझाऱ्या घालते. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, म्हणतात, "हिच्या पायाला भिंगरी आहे." माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या याहून मोकळं बोलतात. "हिला एका जागी बसवायचं तर दावंच पायजे."

लिहायला बसले ती दोन कारणांनी. कळलावीचं विष पोटात गेलेली बाई जगली तर तिचं पुढे काय काय होतं, हे त्या वेळी मला कुणी सांगितलं असतं तर माझी निम्मी भीती गेली असती. हे एक. दुसरं असं, की माझ्या आजाराबद्दल आमच्या वाडीत जे सांगितलं गेलं ते खोटं होतं, आणि ते खोटं माझं होतं. त्यापायी एका म्हातारीचं नाव गेलं. मी ते चारचौघांत कबूल केलं आहे, पण तोंडचं बोलणं माणसं आपल्या सोयीने लक्षात ठेवतात. म्हणून कागदावर.

ती वाटी मीच उचलली होती. मला कुणी काही पाजलं नाही.

*

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या पावसाळ्यातली गोष्ट. मास्तरांची शाळा राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत. मी संगमनेरकडची, सपाटीवर वाढलेली. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं होतं आणि ते मूल दोन दिवसांपुरतंच होतं. दुसरं सासरी, म्हणजे या वाडीत व्हायचं ठरलं. श्रावण लागला, दिवस भरले, भरून वर गेले, तरी पोटात कळ नाही. मूल हललं नाही की मी घाबरायची आणि हललं की आणखी घाबरायची.

पाणवठ्याच्या वाटेवर करवंदीच्या जाळ्या आहेत. त्या दिवसांत त्यांच्यावर एक वेल चढते. पानाचं टोक बारीक होत जातं आणि हाताला लागेल त्या काटकीला वेटोळं घालतं. फुलाच्या पाकळ्या खाली पिवळ्या, वर लाल, आणि सगळ्या उलट्या वर वळलेल्या. आमच्या सपाटीला मी असलं फूल बघितलं नव्हतं. एक तोडलं आणि अंबाड्यात खोवलं. माझे केस तेव्हा कमरेखाली होते आणि त्यांचा मला गर्व होता, लपवत नाही.

वाटेत ठमाबाई भेटली. ठमाबाई म्हणजे वाडीची सुईण, साठीची, दंड माझ्या मनगटाएवढा. वाडीतली चाळिशीच्या आतली सगळी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. तिने सरपणाची मोळी खाली टाकली आणि माझ्या केसांतलं फूल ओढून काढलं.

"ही मिरवायची न्हाई."

"का? चांगलं तर दिसतंय."

"दिसतंय चांगलं. खाली कांदा हाय तिचा, नांगराच्या फाळावानी. अडल्याली बाई आसंल तर तळपायाला लावायचा, कळा येत्यात. म्हनून कळलावी. पन पोटात गेला तर मानूस जातं. ती घरात आनायची न्हाई. लागली तर मीच आनीन आन् मीच बाहीर नेईन."

मी घरी येऊन हात धुतले. पण डोक्यात एवढंच राहिलं, की कळा आणायचं औषध वाटेवरच उगवलंय.

*

दोन दिवस कळा येत होत्या आणि जात होत्या. ठमाबाई उशाशी बसून होती. मी उठायची, फिरायची, बसायची, पुन्हा उठायची. "ठमाबाई, ते लावा की आता." ती म्हणायची, "थांब, पोरी. पिकल्याबिगर फळ पडत न्हाई." शंभरदा तरी मी तिला म्हटलं असेल. पहिल्या मुलाचं नाव काढून रडले. शेवटी दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती उठली आणि कांदा आणायला बाहेर गेली.

तिची पद्धत अशी होती. सहाणेवर कांदा पाण्यात उगाळला, तो एका कल्हई उडालेल्या वाटीत काढला. माझ्या तळपायांना लावला. उरलेल्या वाटीवर पळसाचं पान झाकून ती दूर, भिंतीकडे, सुपाच्या आड ठेवली. तासाभरात मुलगी झाली. नाळ कापायच्या आधी ठमाबाईने माझे पाय चोळून चोळून धुतले. मग पडलेली वार घातलेलं मडकं एका हातात, कुदळ दुसऱ्या हातात घेऊन ती मागच्या अंगाला खड्डा खणायला निघाली. जाताना म्हणाली, "त्या पानाखालच्या वाटीला कुनी हात लावायचा न्हाई. माघारी येऊन मीच नेते, ती बी खड्ड्यातच जायची हाय."

मी हे ऐकलं होतं. पुढे कितीदा तरी स्वतःला समजावलं की ऐकलं नव्हतं, पण ऐकलं होतं. तेवढ्यात बाहेर मुलगी रडली आणि माझं लक्ष तिकडे गेलं.

आत्याबाई पडवीत तिला न्हाऊ घालत होत्या. मला सुंठ-गुळाची वाटी मिळायची होती. पोटात अजून कळा होत्या, घसा सुकला होता. "आत्याबाई, सुंठ?" मी हाक मारली. "उगाळून ठिवलीय, थांब जरा, पोरीला कोरडी करू दे," त्या म्हणाल्या. उगाळून ठेवलीय एवढंच मी ऐकलं. सुपाआड झाकलेली वाटी दिसत होती. सरकत गेले, पान बाजूला केलं आणि दोन घोटांत प्याले. कडवट लागलं. बाळंतिणीचं कुठलं औषध गोड असतं?

आत्याबाई आत आल्या तेव्हा त्यांच्या एका हातावर मुलगी होती आणि दुसऱ्या हातात सुंठीची वाटी होती.

त्या क्षणी मला कळलं. तेव्हाच ओरडले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण आत्याबाई म्हणतील, दोन मिनिटं धीर निघाला नाही का बये. ठमाबाई म्हणेल, सांगून गेले होते ना. त्या बोलण्याची मला लाज वाटली. सुंठीचीही वाटी प्याले आणि गप्प पडले. ठमाबाई हात धुऊन आली, सुपाआड बघितलं, रिकामी वाटी उचलली.

"ह्यातलं काय झालं?"

"सांडलं," मी म्हटलं. "पाय लागला."

तिने खाली जमिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. वाटी घेऊन गेली.

*

दिवस कलताना घशात आग सुरू झाली. मग उलट्या, मग जुलाब, थांबायचं नाव नाही. आत्याबाईंनी दृष्ट काढली. ठमाबाईने दोनदा विचारलं, "पोटात काय गेलं का तुझ्या?" मी मान हलवली. दोन्ही वेळा मान नाही म्हणूनच हलवली. पोटातल्या पाण्याबरोबर आता खरं बाहेर पडेल असं वाटायचं, पण पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर घोंगडीच्या डोलीतून मला राजूरला उतरवलं आणि तिथून एका ठेकेदाराच्या ट्रकमधून संगमनेरला नेलं. हाडं खिळखिळी करणारा तो रस्ता. मास्तर हौद्यात माझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. आत्याबाई पुढे बाळाला घेऊन. माझ्या डोक्यात एकच, किती वेळ, अजून किती वेळ.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, घाईत होते. नाडी बघितली, डोळे बघितले.

"पोटात काय गेलं?"

मी डोळे मिटले. आत्याबाई म्हणाल्या, "सुईनीनं कळलावी उगाळली हुती, साहेब."

"पाजली?"

आत्याबाई माझ्याकडे बघत असणार. मला ते डोळे मिटूनही कळत होतं. मी काहीच बोलले नाही. एवढंच. माझ्या आजाराचं निदान त्या गप्प बसण्यावर झालं. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि मास्तरांनी ऐकलं. डॉक्टरांना विषाचं नाव मिळालं, उपचार बरोबर झाले. पण वाडीला विष पाजणारीचं नाव मिळालं.

बाहेर जाताना डॉक्टरांनी विचारलं, "बाळाला अंगावर घेतलं होतं का?"

"न्हाई जी," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्यात तिसऱ्या दिवसापतुर पाजत न्हाईत. गुळाचं पानी दिलंय."

डॉक्टर एरवी या चालीवर बायकांना बरंच सुनावत. त्या दिवशी सुनावलं नाही. "बरं झालं," म्हणाले, "आता मी सांगेपर्यंत पाजायचंच नाही."

*

दवाखान्याचे दिवस सगळे एकसारखे. सकाळी फिनेलचा वास, मग सिस्टरच्या चपलांचा आवाज, मग सलाईन. मी थेंब मोजायची. मोजता मोजता वाटायचं, इतक्या सावकाश बाटली कधी संपायची? एकदा मीच नळीवरचं चाक सरकवलं. सिस्टरने बघितलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं झापलं. "बाई, ही काय विहिरीवरची मोट आहे, ओढली की भरभर यायला? हृदय बंद पडेल तुमचं!" शेजारच्या खाटा हसल्या. मीही हसले आणि हसताना हिरड्यांतून रक्त आलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पायांत काटे आले आणि मग पाय असून नसल्यासारखे झाले. अंगावर निळे डाग उठले. डॉक्टर रोज रक्त न्यायचे आणि मला काही सांगायचे नाहीत. मास्तरांना बाहेर नेऊन सांगायचे. मास्तर आत यायचे ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. तेव्हा मला समजलं की मी मरूही शकते. भीती वाटली, खूप वाटली. पण तिच्या आत दुसरी एक भीती होती, की मेले तर ठमाबाईवर खून बसेल आणि तो उतरवायला कुणी उरणार नाही. मग ठरवायची, आज सांगायचं. मास्तर आले की वाटायचं, उद्या. मला कधी कशासाठी उद्यापर्यंत धीर निघाला नव्हता, पण या एका गोष्टीला रोज निघत होता.

मुलगी रडायची. बाटलीचं दूध तिला पचेना. पलीकडच्या खाटेवर बानूबी होती, संगमनेरचीच, तिचा मुलगा पाच दिवसांचा. ती एक दिवस रडणं ऐकत बसली आणि मग आत्याबाईंना म्हणाली, "अम्मा, इकडं द्या तिला. माझं लई उतू चाललंय, गच्च झालंय निस्तं."

आत्याबाई जुन्या वळणाच्या. सोवळं फार नव्हतं तरी काही गोष्टी त्यांच्या हाडात होत्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मुलीकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि मुलगी बानूबीच्या मांडीवर नेऊन ठेवली. मुलगी चुटूचुटू ओढू लागली तशी वॉर्डात शांत झालं. आत्याबाई परत येऊन माझ्या पायथ्याशी बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. माझं स्वतःचं दूध मात्र आटलं ते आटलंच. ते दुःख मला अजून आहे.

*

दहा-बारा दिवसांनी उलट्या गेल्या, ताप गेला, डॉक्टर पहिल्यांदा खाटेवर टेकून बोलले. आत्याबाईंना वाटलं, आता पोरीची वेणी घालावी. फणी घातली आणि ती केसांसकट खाली आली. म्हणजे केस तुटत नव्हते, मुळासकट सुटून येत होते, दुखतही नव्हतं. आत्याबाईंनी फणी बाजूला ठेवली आणि हाताने नुसतं कुरवाळलं. हातात जुडगा आला. चार दिवसांत माझं डोकं तळहातासारखं झालं. भुवयाही निम्म्या गेल्या.

डॉक्टर म्हणाले, "या विषाने होतं असं. परत येतील." मी त्यांचा शब्द खरा मानला नाही. ज्या बायांना हे होईल त्यांना सांगते, खरा माना. पायांचा बधिरपणाही जातो, महिना-दोन महिने लागतात. मी रोज पाय आपटून बघायची, त्याने लवकर जात नाही.

कपाळाला कुंकू आणि डोकं बोडकं, असा आरसा बघवत नव्हता. आत्याबाई स्वतः विधवा. त्यांनी माझं कुंकू एरवीपेक्षा मोठं लावायला सुरुवात केली, रुपयाएवढं. बानूबीने जाताना आपली एक निळी ओढणी दिली. "डोक्याला बांध, भाभी. पदर घसरतो, ही नाही घसरत." ती ओढणी मी चार महिने वापरली.

*

परत वाडीत आले तेव्हा महिना झाला होता. आणि सगळी वाडी माझ्याशी इतकी चांगली वागली की मला पळून जावंसं वाटलं. कुणी तांदूळ आणले, कुणी शेळीचं दूध मुलीसाठी रोज आणून दिलं. प्रत्येक जण जाताना एक वाक्य टाकून जायचा. "त्या थेरडीचे हात झडले पायजेत." मास्तरांनी सरपंचाला सांगितलं होतं, सरपंचाने वाडीला. ठमाबाईला आता कुणी उंबरा ओलांडू देत नव्हतं. पाणवठ्यावर ती आली की बाया हंडे उचलायच्या.

एक दिवस ती आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. भुरभुर पावसात, डोक्यावर पोतं.

"पोरगी बरी हाय का?" तिने लांबूनच विचारलं.

आत्याबाईंनी दार लावून घेतलं. मी आत होते. दाराच्या फटीतून तिची पाठ लांब जाताना बघितली. त्या दिवसापासून मला बसवेना आणि झोपवेना. घरभर फिरायची, चुलीतलं लाकूड आत सार, बाहेर ओढ. मास्तर म्हणाले, अशक्तपणा आहे. मी म्हटलं, हो.

पलीकडच्या घरी भागाजीची सून कमळा होती, दिवस भरत आलेली. एवढीशी पोर, पहिलटकरीण. ती कुंपणाशी येऊन मला विचारायची, "वैनी, लई दुखतं का वो?" आणि तिचा सासरा भागाजी ओट्यावरून सांगायचा, "तिला राजूरला नेऊ. हितं त्या बयेचा हात लागू देनार न्हाई." मी ऐकून घरात यायची आणि पुन्हा चुलीतलं लाकूड आत-बाहेर करायची.

हस्ताचा पाऊस चार दिवस कोसळत होता. पाचव्या दिवशी सकाळी तो उघडला आणि कमळाच्या कळा सुरू झाल्या. माणसं डोली बांधून ओढ्यापर्यंत गेली आणि परत आली. ओढ्याला छातीभर पाणी, त्यात ओंडके वाहत होते. भागाजीच्या अंगणात वाडी गोळा झाली. आतून कमळाचं कण्हणं ऐकू येत होतं. कुणीतरी हळूच म्हणालं, ठमाबाई. भागाजी उसळला. "मरंल तर देवाच्या हातानं मरंल!"

मी कुंपण ओलांडून गेले. पाय अजून नीट टेकत नव्हते.

"भागाजीमामा, ठमाबाईंना बोलवा. त्यांनी मला काही पाजलं नव्हतं. वाटी मी उचलली. त्या सांगून गेल्या होत्या, हात लावू नका म्हणून. मी लावला. आणि विचारलं तर सांडलं म्हणाले."

 मग भागाजी समजुतीने म्हणाला, "मास्तरीनबाई, तुमचं मोठं दुखनं झालंय. डोस्कं ठिकानावर न्हाई अजून. घरी जा." मास्तर पुढे आले, माझा दंड धरला. तेही तेच म्हणत होते, हळू आवाजात, घरी चल.

मी दंड सोडवून घेतला आणि डोक्यावरची ओढणी काढली. माझ्या डोक्याबद्दल वाडीने ऐकलं होतं, ते बघितलं नव्हतं. बायकांनी तोंडाला पदर लावले. "हे मी केलंय," मी म्हटलं. "माझ्या हाताने. त्या म्हातारीच्या नाही." आवाज फुटला आणि मी तिथे सगळ्यांसमोर हमसून रडले.

तेव्हा मागून आत्याबाई बोलल्या. "सुंठीची वाटी माझ्या हातात हुती." सगळे त्यांच्याकडे वळले. "मी आत गेले तवा सुंठ माझ्या हातात हुती आन् हिचं तोंड वलं हुतं. मला तवाच कळाया पायजे हुतं. कळलं बी आसंल. पन डागदरानं इचारलं तवा माझ्या तोंडातनं सुईनच निघाली." त्या भागाजीकडे बघून म्हणाल्या, "बोलीव तिला."

*

बोलवायला मीच गेले. ठमाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, पाया पडले, माफ करा म्हणाले. तिने सूप बाजूला ठेवलं.

"कळा कवाधरनं हायत्या?"

"सकाळपासून."

तिने आतून गाठोडं आणलं. वाटेत मी मागे, ती पुढे. ओल्या गवतातून चालताना ती मागे न बघता बोलली.

"मला ठावं हुतं."

"काय?"

"सांडलं म्हनालीस. सारवन कोरडं ठाक हुतं. उलट्या व्हाया लागल्या तवा तर समदंच कळलं. दोनदा इचारलं तुला. पन बाळंतिनीला खोटी म्हनू न्हाई, तिचं दूध नासतं, आसं माझी आई सांगायची." तिने गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं. "म्हनाया पायजे हुतं. मिठाचं पानी पाजून तवाच वकवलं आसतं."

 माझं दूध तसंही गेलंच होतं.

कमळाला बघून, पोट चाचपून ठमाबाई दुपारपर्यंत नुसती बसून राहिली. तिच्या डोक्यावरून हात फिरवत, गप्पा मारत. मग कळा मंदावल्या तशी बाहेर जाऊन कांदा आणला आणि सहाण मागितली. कांदा उगाळला, वाटीत काढला, कमळाच्या तळपायांना लावला. उरलेल्या वाटीवर पळसाचं पान झाकलं. आणि सगळ्या बायकांवरून नजर फिरवून ती वाटी माझ्या हातात दिली.

"ही तू धर. खाली ठिवायची न्हाई. कुनाच्या हातात द्यायची न्हाई. मी म्हनंस्तवर हलायचं न्हाई."

मी दोन्ही हातांत वाटी धरून भिंतीला पाठ लावून उभी राहिले. दारातून उन्हाची तिरीप ओट्यावर होती तेव्हा उभी राहिले. पायांत काटे आले, पोटऱ्या थरथरल्या. डोक्याला खाज सुटली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं, पण हात मोकळा नव्हता. कमळा ओरडत होती. कुणी गरम पाणी आणत होतं, कुणी फडकं फाडत होतं, सगळ्यांना काही ना काही काम होतं. मला उभं राहायचं काम होतं. जन्मात मी तेवढा वेळ एका जागी थांबले नव्हते. म्हशी घराकडे वळल्याच्या घंटा ऐकू आल्या तेव्हा मूल रडलं. मुलगा होता. सगळ्या जणी तिकडे धावल्या. मी हलले नाही.

ठमाबाईने आधी कमळाचे पाय धुतले. मग वारेचं मडकं उचललं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चल."

मागच्या अंगाला खड्ड्यात मी माझ्या हाताने ती वाटी पालथी केली. तिने वर माती लोटली, मातीवर धोंडा ठेवला. मग मला बसवलं आणि राखेने माझे हात धुतले. एकेक बोट, नखांच्या आत, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. मी हात मागे ओढला नाही.

हात कोरडे झाल्यावर मी पहिल्यांदा डोकं खाजवलं. तिने माझा हात बाजूला केला आणि स्वतःचा तळवा माझ्या डोक्यावरून फिरवला, उलटा, मग सुलटा.

"उगवलंय," ती म्हणाली. "रोज चाचपून बघू नगंस."